समाजमंदिरापासून ग्रामसभेपर्यंत: शेवटच्या वाडीचा पाणीहक्क क्रमाने कसा लावून धरायचा

कोकणात वाडीच्या हक्काचा प्रश्न पेटला की पहिलं काम ठरलेलं असतं: निवेदन. मुंबईहून कुणीतरी मजकूर पाठवतो, खाली सह्या गोळा होतात, तहसील कार्यालयात साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक ग्रुपवर फिरतो. मग पाऊस लागतो, पऱ्याला पाणी येतं आणि विषय मागे पडतो. पुढच्या मार्चात तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा जातं.

निवेदनात वाईट काही नाही. फक्त ते फार लवकर जातं आणि त्याच्या पाठीशी काहीच नसतं. किती घरं, किती माणसं, किती लिटर, योजनेत काय मंजूर होतं, ग्रामसभेने काय ठरवलं, यातलं एकही उत्तर हातात नसेल तर कागद आवक नोंदवहीत शिरतो आणि तिथेच राहतो. खालचा क्रम त्यासाठी दिला आहे. उदाहरणाला एकच प्रश्न धरलाय: गावात नळपाणी योजना झाली, टाकी बांधून रंगवून झाली, पण शेवटच्या वाडीत पाणी पोचत नाही. ही शेवटची वाडी बहुतेक वेळा बौद्धवाडी, धनगरवाडी नाहीतर आदिवासीवाडी असते, आणि तो योगायोग नसतो. तुमचा प्रश्न रस्त्याचा, स्मशानभूमीच्या वाटेचा किंवा घरपट्टीच्या नोंदीचा असला तरी पायऱ्या याच.

एप्रिलात विहिरीचा तळ दिसल्यावर सुरुवात केलीत तर त्या वर्षीचं पाणी गेलं असं समजा. टंचाई आराखडा (पाणीटंचाईच्या उपायांचा सरकारी आराखडा) ऑक्टोबर ते जून या काळाचा असतो आणि ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम ऑक्टोबरपासून सुरू होतं. म्हणून कामाला लागायची खरी वेळ म्हणजे गणपती गेल्यानंतरचा आठवडा.

## पायरी १: जागा आणि किल्ली

बैठक समाजमंदिरात घ्यायची हे सगळे गृहीत धरतात आणि पहिली ठेच तिथेच लागते. समाजमंदिर शासकीय निधीतून बांधलेलं असेल तर ते बहुधा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत असतं. किल्ली मात्र मंडळाच्या अध्यक्षाकडे, वीजबिल तिसऱ्याच्या नावावर आणि खुर्च्या मुंबई मंडळाने दिलेल्या. भांडण लागलं की यातला प्रत्येक जण ‘जागा आमची’ म्हणतो.

म्हणून आधी तीन गोष्टी करा. मालमत्ता नोंदवहीत इमारतीची नोंद कुणाच्या नावाने आहे ते बघा. किल्ली असलेल्या माणसाला घरी जाऊन भेटा, फोनवर उरकू नका. आणि ग्रामपंचायतीला दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखांना, अमुक वेळेत, वाडीच्या पाणीप्रश्नावर रहिवाशांची बैठक आहे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. परवानगीचं उत्तर आलं नाही तरी पोच कामाला येते.

दुसरी अडचण कागदावर दिसत नाही. समाजमंदिर एका वाडीचं मानलं जातं आणि दुसऱ्या वाडीची माणसं तिथे पाय टाकत नाहीत. प्रश्न दोन-तीन वाड्यांचा असेल तर पहिली बैठक समाजमंदिरात, दुसरी शाळेच्या व्हरांड्यात, तिसरी धनगरवाडीवर कुणाच्या तरी खळ्यात घ्या. वर सड्यावरच्या माणसांनीच दर वेळी पाखाडी उतरून खाली यायचं, हे दोनदा चालेल. तिसऱ्यांदा कुणी येणार नाही.

इशारा: निवडणूक लागली असेल तर आचारसंहितेत सार्वजनिक इमारतीतली बैठक राजकीय ठरवली जाऊ शकते. त्या काळात घरोघरच्या भेटी चालू ठेवा, बैठका पुढे ढकला.

तपासा: बैठकीच्या जागेत बायकांना जाता येईल असं शौचालय आहे का? दिवे गेले तर सोय काय? बैठक कायम आठला सुरू होऊन साडेदहापर्यंत लांबते. अर्ध्या बायका नऊला उठून जातात आणि मग ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असं इतिवृत्तात येतं.

## पायरी २: कामाचं पंचांग मांडा

बाहेरून आलेले कार्यकर्ते हमखास चुकतात ती ही जागा. रविवारी सकाळी बैठक ठेवतात, कारण त्यांना रविवारी सुट्टी असते.

जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी आणि झोडणी. मार्च ते मे काजू, आंबा आणि बागेतली मजुरी. कोळीवाड्यात वार बघून उपयोग नाही, तिथे भरती-ओहोटी आणि उधाण बघावं लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा माणसं घरात सापडतात, पण जाळी शिवणं आणि होड्यांची डागडुजी चालू असते, त्यामुळे बैठक दुपारनंतरच. आदिवासीवाडीचं गणित सगळ्यांत कडक आहे. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची घरं मोजायची, सह्या घ्यायच्या, आधार आणि जातीचा दाखला आहे का बघायचं, हे सगळं दिवाळीआधी. जानेवारीत गेलात तर कुलूपबंद झोपड्या दिसतील आणि ग्रामपंचायत म्हणेल, ‘तिथे राहतं कोण?’

चाकरमान्यांची वेळ वेगळी. गणपती, शिमगा आणि मे महिना. त्या दिवसांत गाव भरलेलं असतं म्हणून मोठी बैठक तेव्हाच घ्यायचा मोह होतो. घ्या, पण निर्णयाची नको. मुंबईकरांचा आवाज मोठा, वर्गणी मोठी आणि परतीचं तिकीट ठरलेलं. एप्रिलमध्ये हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या बाईने जे ठरवायचं ते गणपतीत आलेल्या पाहुण्याने ठरवलं की गावात ते कुणी पुढे नेत नाही. मुंबई मंडळाला कामं द्या: टायपिंग, वकिलाशी बोलणं, मंत्रालयातली फाईल कुठे आहे ते शोधणं. मागणी वाडीने ठरवायची.

## पायरी ३: घरटी फेरी

बैठकीआधी फेरी. हा क्रम उलटा करू नका. बैठकीत जो बोलतो त्याचंच ऐकू येतं. ज्याच्या घरात पाणी नाही तो बहुधा मागच्या रांगेत गप्प बसलेला असतो.

दोघांची जोडी करा, त्यात एक बाई हवीच. शंभर पानी वही, दर घराला एक पान. पानावर एवढंच: कुटुंबप्रमुखाचं नाव, घर क्रमांक (घरपट्टीच्या पावतीवरचा), माणसं किती, जनावरं किती, नळजोडणी आहे की नाही, असेल तर पाणी येतं की नाही, पाणी कुठून आणता, जायला-यायला किती वेळ, घरात कोण आणतं. शेवटी एक मोकळा प्रश्न: ‘काकी, तुमच्या मते पाणी का येत नाही?’ या प्रश्नावर इंजिनिअरला न सुचणारी उत्तरं मिळतात. मुख्य नलिकेवर मधल्या वाडीत कुणी जोड मारलाय, व्हॉल्व्ह कोण फिरवतो, पंप कधी जळला आणि किती दिवस तसाच होता, सगळं बाहेर येतं.

घरपट्टीची पावती बघायला मागा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घराची नोंदच नसेल तर ते घर योजनेच्या यादीतही नसण्याची शक्यता मोठी. असं घर सापडलं तर पानाच्या कोपऱ्यात खूण करा. नोंदीसाठी वेगळा अर्ज लगेच द्यायचा असतो.

फेरीला बचत गटाच्या बायका सोबत असल्या तर दारं पटापट उघडतात. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांच्या आठवड्याच्या बैठका ठरलेल्या असतात, तिथे दहा मिनिटं मागून घ्या. गटाच्या हप्त्याच्या हिशोबात आपला विषय घुसडू नका, त्यांच्या बैठकीचा तो वेळ त्यांचाच.

नेहमीची चूक: फेरीतच लोकांना वचन देणं. ‘यंदा पाणी येणारच’ असं कुणालाही बोलू नका. ‘मोजतोय, बैठकीला या, तिथे सगळं वाचून दाखवू’ एवढंच बोला.

दुसरी चूक: कोऱ्या कागदावर सह्या. ‘मजकूर नंतर टाकतो, आत्ता सही दे’ ही सवय मोडा. तीच सही उद्या योजना पूर्ण झाल्याच्या ठरावाखाली निघू शकते.

## पायरी ४: पाणी मोजा

‘पाणी कमी येतं’ याला कार्यालयात किंमत नाही. घरोघरी नळाने पाणी द्यायच्या केंद्राच्या जलजीवन मिशनचं मोजमाप ठरलेलं आहे: दर माणशी दररोज ५५ लिटर. तुमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा.

मोजणं सोपं आहे. २० लिटरची बादली नळाखाली लावा, मोबाइलवर वेळ लावा. समजा, बादली भरायला १ मिनिट २० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. नळ २५ मिनिटं चालला तर ३७५ लिटर. त्या नळावर चार घरांची १८ माणसं असतील तर माणशी जेमतेम २१ लिटर पडले. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरच्या हिशोबाने रोज २७५ लिटर हवेत. १५ लिटरच्या हंड्याने मोजाल तर अठरा-एकोणीस हंडे. विहिरीवरून किती हंडे येतात ते घरच्या बाईला विचारा, तिचा आकडा कुणाच्याही अंदाजापेक्षा पक्का असतो.

ही नोंद सलग पंधरा दिवस ठेवा. तारीख, नळ कधी आला, कधी गेला, बादली किती वेळात भरली, कुणी मोजलं. वाडीच्या वरच्या टोकाला, मध्यावर आणि खालच्या टोकाला असे तीन नळ धरा, म्हणजे दाब कुठे मरतो ते कळतं. नळ आलाच नाही तर तो दिवस कोरा सोडू नका, ‘आला नाही’ असं लिहा. मागच्या एप्रिल-मेची अशी नोंद कुणी ठेवली असेल तर ती सगळ्यांत मोलाची.

शाळेतली नववी-दहावीची पोरं हे काम मन लावून करतात. वहीवर मात्र मोठ्यांची रोजची सही हवी.

## पायरी ५: कागद काढा

आता ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवकाच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालतं. आधी तोंडी मागा, नीट बोला. निम्मे कागद चहाच्या वेळेत बघायला मिळतात. उरलेल्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज.

हे कागद हवेत:

- योजनेचं मंजूर अंदाजपत्रक, विशेषतः वाडीनिहाय वितरण नलिकेची लांबी आणि नळजोडण्यांची संख्या
- कार्यारंभ आदेश आणि त्यातली काम संपवायची तारीख
- मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीच्या) प्रती
- काम पूर्णत्वाचा दाखला आणि ग्रामपंचायतीकडे योजना हस्तांतरित केल्याचा कागद
- पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांची यादी आणि बैठकांचं इतिवृत्त
- ‘हर घर जल’बाबत ग्रामसभेने केलेला ठराव, केला असल्यास

शेवटचा कागद नजरेआड करू नका. गावातल्या प्रत्येक घराला नळाने पाणी मिळतं असं जाहीर करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तुमच्या वाडीत नळाला थेंब नसताना असा ठराव आधीच होऊन बसला असेल, तर त्याच्या उपस्थिती पत्रकावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघा. कधीकधी आपल्याच वाडीची नावं निघतात.

माहिती अधिकाराचे नियम थोडक्यात. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ फार जातो, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलंत की हमखास ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर येतं. कागदाचं नाव लिहा, वर्ष लिहा, प्रत मागा. ‘का’ विचारू नका, माहिती अधिकारात कारणमीमांसा मिळत नाही.

पैशांची बाजूही याच वेळी बघून ठेवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून येते. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. गावाचा मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो. ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकायच्या आधी निधी कुठे गेला ते तुम्हाला माहीत असू द्या.

## पायरी ६: आता बैठक, आणि एकच मागणी

वही आणि कागद हातात आल्यावर समाजमंदिराचा दरवाजा उघडा. बैठकीचा निरोप फळ्यावर, ग्रुपवर आणि तोंडी, तिन्ही मार्गांनी द्या. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळलं असं नसतं. बऱ्याच घरात एकच मोबाइल असतो आणि तो पोरगा कॉलेजला घेऊन गेलेला असतो.

बैठक दीड तासात संपवा. पहिली वीस मिनिटं नुसते आकडे वाचून दाखवा: इतकी घरं, इतक्या घरांना जोडणी, त्यातल्या इतक्यांना पाणी, माणशी इतके लिटर, अंदाजपत्रकात आपल्या वाडीला इतके मीटर नलिका. पुढचा वेळ लोकांचा. पाच-सहा वर्षांच्या तक्रारी बाहेर येतील, देवळाच्या मानपानापासून बांधाच्या भांडणापर्यंत. येऊ द्या, पण एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि ‘याची पुढची बैठक लावू’ म्हणून बाजूला ठेवा. जुनी भावकी त्या दिवशी सुटणार नाही.

मग मागणी ठरवा. मागणी अशी हवी की झाली की नाही ते कुणालाही डोळ्यांनी दिसेल. ‘वाडीच्या पाणीप्रश्नाकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’ ही मागणी कार्यालयाला फार आवडते, कारण लक्ष देऊन झालं असं सांगता येतं. त्याऐवजी घरांची संख्या, लिटर, तारीख.

शेवटी माणसं ठरवा. पाच ते सात जणांचा गट, निम्म्या बायका, प्रत्येक वस्तीतलं किमान एक. सरपंचाचा भाऊ आणि पडलेला उमेदवार दोघांनाही यात घेऊ नका. प्रश्न त्यांच्या भांडणात अडकतो. एक जण वही सांभाळेल, एक जण कागद आणि पोच, एक जण पैसे. पुढाऱ्यांशी बोलायला नेहमी दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. यात अविश्वास नाही, पण एकटा गेलेला माणूस परत आल्यावर त्याच्याबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

तपासा: बैठक सुटल्यावर दारात तिघांना विचारा, ‘आपली मागणी काय ठरली?’ तीन उत्तरं वेगळी आली तर मागणी अजून ठरलेली नाही.

संस्था नोंदवायची घाई नको. सात जणांत संस्था नोंदता येते खरी, पण मग दरवर्षीचे हिशोब, बदल अर्ज आणि धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या मागे लागतात. एका वाडीच्या पाण्यासाठी रहिवासी म्हणून मागणी करणं पुरेसं आहे.

## पायरी ७: आधी महिला सभा, मग ग्रामसभा

सगळी मेहनत इथे वसूल होते किंवा वाया जाते.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. ती अनेक गावांत कागदावरच होते. तुमच्या वाडीच्या दहा-पंधरा बायका खरोखर जाऊन बसल्या की तिथे ठराव करून घेणं फारसं अवघड नसतं, आणि महिला सभेने केलेली मागणी मुख्य सभेत टाळणं सरपंचाला जड जातं.

विषय आधी लेखी द्या. सभेच्या नोटिशीआधी अर्ज द्या आणि विषयपत्रिकेत विषय घ्यायला लावा, पोचसहित. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ यावर अवलंबून राहिलात तर तो विषय येईपर्यंत दोन वाजलेले असतात आणि लोक जेवायला गेलेले असतात.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जो आकडा कमी असेल तो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्यांचं नाव मुंबईच्या मतदार यादीत आहे ते इथे मोजले जात नाहीत, कितीही मोठी वर्गणी दिलेली असो. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही. पहिल्या सभेला माणसं जमवली, तरी गणपूर्तीला थोडी कमी पडली, सभा तहकूब झाली म्हणून सगळे घरी गेले आणि पुढच्या आठवड्यात पंधरा जणांत वेगळाच ठराव झाला, असं घडतं. तहकूब सभेची तारीख तिथेच विचारून घ्या आणि तिला तेवढ्याच संख्येने जा.

ठरावाचा मजकूर घरून लिहून न्या. असा काहीसा:

> ‘… वाडीतील … घरांना नळपाणी योजनेच्या मंजूर अंदाजपत्रकानुसार वितरण नलिका टाकून दरमाणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी दि. … पर्यंत सुरू करावे. तोपर्यंत टंचाई आराखड्यातून खासगी विहीर अधिग्रहण अथवा टँकरचा प्रस्ताव सात दिवसांत गटविकास अधिकारी यांच्याकडे पाठवावा. केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा. सूचक … अनुमोदक …’

सूचक बाई असेल तर उत्तम. तिने कागद बघून वाचला तरी चालतं, पाठ करायची गरज नाही. आधी समाजमंदिरात दोनदा मोठ्याने वाचून घ्या. माइक पुढे आल्यावर आवाज बसतो तो सवयीने सुटतो. सरपंच बाई असतील आणि उत्तरं त्यांचे यजमान देत असतील तर नम्रपणे म्हणा, ‘ताई, उत्तर तुमच्याकडून हवंय.’

सभेत काय काय होऊ शकतं ते आधी बोलून ठेवा. कुणीतरी म्हणेल, ‘वाडी उंचावर आहे, पाणी चढत नाही.’ उत्तर अंदाजपत्रकात शोधून ठेवा: पंपाची क्षमता आणि टाकीची उंची त्यात असते. कुणी म्हणेल, ‘तुम्ही पाणीपट्टी भरत नाही.’ पावत्या सोबत न्या. थकबाकी असेल तर सभेआधी भरा, हप्त्याने का होईना. कुणी आवाज चढवेल. आपल्यातल्या तापट माणसाला त्या दिवशी वही धरायला बसवा, हात गुंतलेले राहतात.

इशारा: उपस्थिती पत्रकावर सही करताना वरची तारीख आणि सभेचं नाव भरलेलं आहे का बघा. सभा संपताना ठराव वाचून दाखवायला सांगा. सात-आठ दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागा, आणि शब्द बदललेले आढळले तर लगेच लेखी हरकत घ्या.

## पायरी ८: आता निवेदन, मग पाठपुरावा

ठरावाची प्रत, वहीतल्या आकड्यांचा एक पानी तक्ता आणि अंदाजपत्रकाचं संबंधित पान. या तीन कागदांवर एक पानी निवेदन लावा आणि ते पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांना आणि तहसीलदारांना द्या. फोटो काढायचा तर आता काढा.

पाठपुरावा म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक पत्र, आधीच्या पत्राच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून. फोनवर ‘करतो’ म्हणाले तर त्याच दिवशी पत्र पाठवा: ‘आज दूरध्वनीवर आपण दि. … पर्यंत पाहणी करू असं सांगितलं.’ पाहणीला अधिकारी आले तर त्यांना टाकीजवळून परत जाऊ देऊ नका, शेवटच्या नळापर्यंत चालवत न्या. उन्हात नेलंत तर बरंच.

तालुक्यात दाद लागली नाही तर लोकशाही दिन आहे; जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी अर्ज आधी, ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार टाका, तक्रार क्रमांक वहीत उतरवा. मोर्चा किंवा उपोषण हे याच्याही पुढचं. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून, लेखी परवानगी घेऊनच निघा. नाहीतर पाण्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि पोरं तारखांना फिरत बसतात.

## मध्येच दबाव आला तर

येतो. कधी ‘तुमची पोरं आमच्या बागेत कामाला नकोत’, कधी दुकानात उधारी बंद, कधी पालखी दारात न येणं. गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा २०१६ चा कायदा त्यासाठीच आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. जातीमुळे विहिरीवर, नळावर अडवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्याचा तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

पण कायद्याचं नाव पहिल्या दिवशी घेऊ नका. आधी नोंद: कोण, कधी, कुठे, काय शब्द, ऐकणारे कोण. त्याच संध्याकाळी लिहा, आठवड्याने लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही. मग त्या कुटुंबाला विचारा की त्यांना काय हवं आहे. तक्रार त्यांच्या नावाने जाते आणि रात्री त्याच गावात त्यांनाच झोपायचं असतं. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

## पैसे

झेरॉक्स, स्टॅम्प, एसटीचं भाडं, चहा. खर्च थोडाच असतो, पण मंडळं फुटतात ती यावरूनच. घरटी सारखी, छोटी वर्गणी काढा आणि पावती द्या, दहा रुपयांचीही. एखाद्या पुढाऱ्याने ‘सगळा खर्च माझ्याकडून’ म्हटलं तर चहा प्या आणि घरी या. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला जमा-खर्च वाचायचा, शेवटी नाही. शेवटी कुणी ऐकायला नसतं.

## पाणी आल्यावर

वही बंद करू नका. पहिल्या महिन्यात दाब चांगला असतो, व्हॉल्व्ह कोण फिरवतो ते एप्रिलात कळतं. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वाडीचं, शक्यतो बाईचं, नाव ग्रामसभेतून घालून घ्या. पंप दुरुस्तीला पैसे कुठून येणार ते आधी ठरवा आणि पाणीपट्टी वेळेवर भरा. नोंद नसलेल्या घरांचे नमुना ८ चे अर्ज अजून लटकले असतील, ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत टाका. बैठकीत बाजूला ठेवलेला तक्रारींचा तो कागद आता काढा आणि त्यातला एकच विषय निवडून पुन्हा घरटी फेरीपासून सुरुवात करा.